साडेसतरा किलोचा पाटा

आमच्या पाट्याचं वजन वरवंट्यासकट साडेसतरा किलो. हे मला नक्की माहीत आहे, कारण १९७८ साली मुंबईच्या विमानतळावर ते माझ्यासमोर काट्यावर झालं. बायकोने एका बॅगेत फक्त पाटा-वरवंटा ठेवला होता आणि भोवती चार लुगडी गुंडाळली होती. अमेरिकेत मिक्सर मिळतो, हे मी तिला घरी तीन वेळा सांगून पाहिलं होतं. "मिळू दे," एवढंच ती म्हणाली. त्या बॅगेपायी माझी पुस्तकं मागे राहिली.

पुढची नऊ वर्षं तो पाटा लॉस एंजेलिसमधल्या आमच्या गॅरेजात, पाणी तापवायच्या टाकीशेजारी भिंतीला टेकून उभा होता. वर्षातून एकदा, होळीच्या पुरणासाठी तो आत यायचा. बाकी वर्षभर मिक्सर. हे मी अधूनमधून बोलून दाखवत असे, आणि ती ऐकलं न ऐकलं करत असे.

मी तेव्हा विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. मशीनवरून उतरलेला भाग मोजायचा, आणि इंचाच्या हजाराव्या हिश्शाएवढी चूक निघाली तरी परत पाठवायचा. लोकांना मी फारसा आवडत नसे. ज्याचे भाग मला सगळ्यांत कमी वेळा परत पाठवावे लागत, तो गृहस्थ ग्राइंडिंग मशीनवर होता. वयाने माझ्याएवढाच, बेचाळीस-त्रेचाळीसचा. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो, कारण दारात येणाऱ्या खाद्यगाडीवर आम्ही दोघंच जात नव्हतो. त्याच्या डब्यात घेवड्याच्या उसळीसारखं काहीतरी आणि मक्याच्या भाकऱ्या असत. माझ्याकडचं लिंबाचं लोणचं तो मागून घ्यायचा. त्याला कुणी मेक्सिकन म्हटलं की तो म्हणायचा, "मेक्सिकन पासपोर्टवर. घरी सापोटेक." मेक्सिकोच्या दक्षिणेला ओआहाका प्रांतात त्याचं गाव होतं. त्याची भाषा वेगळी होती आणि तिचा स्पॅनिशशी काही संबंध नव्हता. त्याच्या आईला तर स्पॅनिश जेमतेमच येई.

१९८७च्या जुलैत एका दुपारी त्याने डबा उघडला आणि तसाच ठेवला.

"आई जाते म्हणते," तो म्हणाला. "गावाला. बोचकं बांधून दाराशी ठेवलंय."

"जाऊ दे की महिनाभर."

"महिनाभर कसलं, इंजिनियर." मी इंजिनियर नव्हतो. हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं. "ती गेली की परत येणार नाही. आली तशी पुन्हा या वयात यायची नाही. आणि माझा अर्ज मंजूर होईपर्यंत मला इथून हलता येत नाही. एक वर्ष, दोन वर्षं, कोण सांगणार? ती अडुसष्टची आहे."

त्या वर्षी राहण्याचे कागद मिळवण्यासाठी त्याच्यासारखे पुष्कळ जण अर्ज घेऊन रांगेत उभे होते. आई कशी आली होती ते मी विचारलं नाही.

कारण मात्र विचारलं, आणि ते असं होतं. ऑगस्टात त्यांच्या गावच्या संताचा उत्सव असतो. गावाकडे जाता येत नाही म्हणून इथली गावची मंडळी तो इथेच एका घराच्या मागच्या मोठ्या अंगणात करत. बँड, नाच, जेवण, सगळं. या उत्सवाला एक पेय लागतं. मका, कोको, एका फुलाचा चुरा आणि एका फळाची भाजलेली कोय, हे सगळं लोण्यासारखं वाटून, गार पाणी घालत हाताने घुसळायचं, की वर पांढरा फेस येतो. फेस आला तर पेय झालं, नाहीतर ते फक्त मातकट पाणी. हे पेय त्यांच्या गावात चौतीस वर्षं त्याच्या आईने केलेलं होतं. इथे येऊन तिला दोन वर्षं झाली होती आणि सगळे तिला एकच सांगत होते, आता बस, आराम कर. उत्सव एवढंच तिचं काम उरलं होतं. पण जूनमध्ये घर बदलताना तिचा वाटायचा दगड पिकअपवरून पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

"मिक्सरवर केलं," तो म्हणाला. "फेस नाही आला. हातगिरणीवर केलं, तरी नाही. डाउनटाउनमध्ये एका दुकानात दगड मिळाला, पन्नास डॉलर. आईने नखाने खरवडला आणि दुकानदाराच्या हातात परत दिला. सिमेंटचा होता. ती म्हणते, दगड नाही तर मीही नाही. नुसती खुर्चीत बसून दुसऱ्यांचा उत्सव बघायचा तर मी माझ्या अंगणात बसेन."

संध्याकाळी हे मी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"मग आपला द्या," ती म्हणाली.

"त्यांचा दगड वेगळा असतो. उतरता. तीन पाय असतात त्याला. आपला सपाट आहे."

"खाली विटा लावा."

"नऊ वर्षं पुरण वाटलंय त्यावर. त्यांच्याकडे मांसमच्छी असते."

"अहो, कोंबडी काय पाट्यावर वाटतात? मका न् कोको आहे." तिने पोळी उलटली. "आणि नऊ वर्षं नाही, नऊ वेळा. तुम्हीच मोजता ना?"

शनिवारी तो आईला घेऊन आमच्याकडे आला. बाई ठेंगणी, ताठ, दोन पांढऱ्या वेण्या रिबिनीने मागे एकत्र बांधलेल्या. गॅरेजात येऊन ती सरळ पाट्यापाशी बसली. तळहात फिरवला, नंतर गाल लावावा तितकी खाली वाकून उजेडाच्या रेषेत तो पाहिला. मग मुलाशी काहीतरी बोलली.

"आई म्हणते, दगड चांगला आहे. पण गुळगुळीत झालाय आणि तसाच ठेवलाय. तुम्ही वापरत नाही का, विचारते."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षं मी हेच म्हणत होतो.

"आजींना सांगा, मिक्सर आहे म्हणून," ती म्हणाली. मुलाने सांगितलं. म्हातारीने बायकोच्या हातांकडे पाहिलं आणि मान हलवली. ती पसंतीची मान नव्हती.

पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी घालावी लागते, म्हणजे छिन्नीने बारीक खड्डे पाडावे लागतात. आमच्या गावी हातोडी-छिन्नी घेऊन बाया आरोळी देत यायच्या, ओट्यावर बसून अर्ध्या तासात पाटा करून द्यायच्या आणि पसाभर धान्य घेऊन जायच्या. त्यांच्याकडेही अशी माणसं होती, पण ती गावाकडे. लॉस एंजेलिसच्या टेलिफोन डिरेक्टरीत असा धंदा नव्हता. मी पाहिलं.

"मी करतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" बायको म्हणाली.

"त्यात काय आहे? दगड आहे आणि छिन्नी आहे."

सोमवारी कारखान्याच्या अवजारखोलीतून सही करून अर्ध्या इंचाची एक छिन्नी आणि हातोडी घेतली. तुटलेल्या दगडाचे दोन्ही तुकडे मित्राच्या घरी जाऊन जोडून मोजले: मागची बाजू जमिनीपासून साडेआठ इंच, पुढची पाच, उतार साधारण अकरा अंश. तेवढ्याच उताराची लाकडी चौकट घरी ठोकली. तिलाही तीनच पाय केले, कारण तीन पायांचं काही डगमगत नाही. मग पाट्यावर पेन्सिलने लांबीच्या बाजूने रेघा आखल्या. दहा इंच रुंदी, पाव-पाव इंचावर एक, अशा एकेचाळीस. प्रत्येक रेघेवर सारख्या अंतराने ठोके. रोज संध्याकाळी दोन तास, डोळ्यांवर चष्मा लावून. शेजारचे गृहस्थ दोनदा कुंपणाशी येऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, अजून आठ. ते आत गेले आणि खिडकी लावून घेतली.

उत्सव रविवारी होता. शुक्रवारी संध्याकाळी माझं काम पुरं झालं. ओळी इतक्या सरळ होत्या की मी स्वतःच्या समाधानासाठी त्यावर पट्टी ठेवून पाहिली. शनिवारी दोघांनी उचलून पाटा पिकअपमध्ये ठेवला, या खेपेला खाली गादी घालून. बोचकं अजून दाराशीच आहे, असं मित्र जाता जाता म्हणाला.

रविवारी पहाटे पाचला आम्ही दोघं त्या अंगणात पोचलो. बायकोचा आग्रह होता. पाटा आपला आहे, तर आपण असायला हवं, असं तिचं म्हणणं. अंगणात चुली पेटलेल्या होत्या. एका पिंपात काळ्या रसाचं कालवण शिजत होतं. त्यात टर्की होती, म्हणून आमच्यासाठी उसळ आणि निवडुंगाची भाजी वेगळी ठेवल्याचं मित्राच्या बायकोने आधीच सांगून टाकलं. मका टॉर्टियाच्या कारखान्यातल्या गिरणीतून भरडून आणला होता. शेवटचं वाटण तेवढं दगडावर व्हायचं होतं. दोनशे माणसांचं.

म्हातारी चटईवर गुडघे टेकून बसली. वरवंटा तिने स्वतःचा घेतला. दगड फुटला तेव्हा तो शाबूत राहिला होता. मूठभर मका-कोको वर ठेवून तिने पाच-सहा वेळा वरवंटा पुढे सारला आणि थांबली. पुन्हा तेच केलं, पुन्हा थांबली. मग बोटाने मला जवळ बोलावलं.

पाण्याने सैल झालेलं वाटण माझ्या सरळ ओळींमधून, पन्हाळीतून पाणी जावं तसं, खाली घसरत होतं. सपाट पाट्यावर त्या ओळींनी काही बिघडलं नसतं. अकरा अंशांच्या उतारावर मी एकेचाळीस पाट काढून ठेवले होते. वरवंटा वरून जात होता आणि मका खालून निसटत होता. खाली परातीत जमलेलं बोटांत चोळून पाहिलं, तर कण तसेच.

चुलीपाशी बसलेल्या तिघी-चौघी म्हाताऱ्या बघत होत्या. मित्र माझ्या शेजारी उभा होता, हात खिशात.

बायको म्हणाली, "आमच्याकडे टाकी घालणारी बाई पट्टी घेऊन कधी आली नव्हती."

"छिन्नी गाडीत आहे," मी म्हणालो.

तेव्हा सहा वाजायला दहा मिनिटं होती. मिरवणूक चर्चमधून दीडला अंगणात यायची होती. मी मनात उलटा हिशेब केला: घुसळायला अर्धा तास, वाटायला निदान पाच तास, मधली धुलाई. माझ्याकडे सव्वा तास होता. छिन्नी आणली. म्हातारीने चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि पाट्यावर ठिपके द्यायला लागली. दोन ओळींच्या मध्ये एक, पुढचा थोडा खाली, तिसरा भलतीकडेच. मला त्यात काही क्रम दिसेना. मी एकदा मित्राला विचारलं, "कुठल्या अंतराने?"

त्याने तिला विचारलं. ती हसली नाही. "आई म्हणते, जिथे ती दाखवते तिथे मार."

मी मारत गेलो. ती ठिपका देई, मी ठोका घाली. ठोका खोल गेला तर ती माझ्या मनगटावर टिचकी मारी. पहिले सहाशे ठोके मी मोजले, नंतर मोजणं सोडून दिलं, कारण मोजताना हात मागे पडत होता. पाठ भरून आली. डाव्या अंगठ्यावर एकदा हातोडी बसली. बायकोने पाहिलं, पण थांबा म्हणाली नाही. मित्र मधूनमधून ओल्या फडक्याने चुरा पुसत होता. सव्वासातला म्हातारीने पाण्याचा हात पाट्यावर फिरवला, गाल लावून पाहिलं, आणि वरवंटा उचलला.

"अहो, थांबवा त्यांना," बायको म्हणाली. "कच आहे अजून."

नव्या टाकीत दगडाची कच असते. तिच्यासकट वाटलं तर सगळं दाताखाली येतं. पण म्हातारी मका नव्हतीच घेत. तिने तांदळाच्या पिशवीकडे बोट दाखवलं आणि बायकोकडे पाहून जागा करून दिली. बायकोने पदर खोचला. तांदूळ वाटून फेकायचा, पुन्हा वाटायचा, पुन्हा फेकायचा. पहिले दोन घाणे करडे निघाले, तिसरा मळकट, चौथा पांढरा. म्हातारीने चौथ्या घाण्यातली चिमूट दातांखाली धरून पाहिली. तिने एक चिमूट बायकोलाही दिली. दोघींनी एकाच वेळी मान हलवली.

पावणेआठला खरं वाटण सुरू झालं. दगड एकच. म्हातारी, मित्राची बायको आणि माझी बायको, अशा पाळ्या लागल्या. माझ्या बायकोला गुडघ्यांवर बसायची सवय नव्हती, ती मांडी घालून बसली. तेव्हा चुलीपाशी काहीतरी बोलणं झालं आणि सगळ्या हसल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतात, इंजिनियरची बायको बुद्धासारखी बसते, पण हात बाईचे आहेत."

वाटणाचा शेवटचा गोळा पावणेदोनला परातीतून निघाला. तोवर मिरवणूक आत आली होती. संताची हातभर उंचीची मूर्ती, पुढे चौदा जणांचा पितळी बँड, मागे बाया डोक्यावर फुलांच्या टोपल्या घेऊन. त्यांच्यानंतर नाचणारे पुरुष आले. प्रत्येकाच्या डोक्यावर रंगीत पिसांचं सुपापेक्षा मोठं गोल शिरोभूषण. ते उडी मारायचे, हवेत गिरकी घ्यायचे आणि गुडघ्यावर उतरायचे, पण ते शिरोभूषण वाऱ्याला आडवं जाऊ देत नसत. त्यांतला एक जण एरवी आमच्या कारखान्यात गाडे ढकलायचा. त्याला ओळखायला मला दोन गिरक्या लागल्या. बघण्यासारखं खूप होतं. माझं अर्धं लक्ष मागे होतं.

मागे, भिंतीच्या सावलीत, म्हातारीने हिरव्या झिलईच्या मोठ्या मातीच्या कुंड्यात सगळं वाटण घातलं होतं. बाही खांद्यापर्यंत वर सारून ती हाताने घुसळत होती आणि मित्र उंचावरून गार पाण्याची धार धरत होता. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. कुंड्यात तपकिरी पाणी फिरत होतं. चुलीपाशीच्या म्हाताऱ्या आता अगदी जवळ येऊन बसल्या होत्या, परीक्षक म्हणून बसवल्यासारख्या. त्यांच्यातली एक काहीतरी पुटपुटली.

मित्र मला म्हणाला, "ती म्हणते, पाणी कमी गार आहे." धार वेडीवाकडी पडत होती.

"नीट धर," मी म्हणालो. "आणि खाली बघू नकोस, आईच्या हाताकडे बघ."

मी बर्फ आणायला गेलो. परत आलो तेव्हा बायकोने त्याच्या हातातली घागर घेतली होती. बँडने नवी चाल धरली होती आणि लोक जेवणाच्या पंगतीसाठी बाकं ओढत होते. बाविसाव्या मिनिटाला म्हातारीच्या कोपराभोवती एक पांढुरका थर आला, तो चिकटून राहिला, आणि मग सगळ्या कुंड्यावर, आधी पातळ आणि नंतर कवडी दह्यासारखा, फेस चढत गेला. तिने हात बाहेर काढला. फेस कोपरापर्यंत होता. हात तिने तसाच वर धरला आणि समोरच्या म्हाताऱ्यांना दाखवला, बराच वेळ.

पहिला वाडगा संताच्या मूर्तीपुढे गेला, दुसरा त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला, तिसरा माझ्या बायकोला. चौथा मला. मला ते पेय आवडलं असं म्हणता येणार नाही. गार, मातकट आणि थोडं गोड होतं. फेस मात्र लोण्यासारखा होता आणि दाताखाली कच नव्हती. मी मुद्दाम सावकाश चावून पाहिलं.

संध्याकाळी पाचपर्यंत कुंडं रिकामं झालं. बाया हातात जिवंत टर्की धरून नाचल्या, आणि म्हातारीही ओल्या बाहीनिशी नाचली. बायकोला ओढलं तेव्हा ती गुडघा दुखतो म्हणाली आणि मग गेली. मी अंगठा बर्फात धरून बसलो होतो. मित्र शेजारी येऊन बसला. बोचक्याबद्दल मी विचारलं नाही. त्याने सांगितलंही नाही. पाटा ओला होता, म्हणून तिथेच ठेवून आम्ही घरी आलो.

सोमवारी तो नेहमीसारखा कामावर आला. मंगळवारीही. त्याच्या मशीनवरून आलेला एक भाग मी परत पाठवला, तो त्याने मुकाट्याने दुरुस्त केला. शुक्रवारी दुपारी डबा उघडण्याआधी त्याने खिशातून घडी केलेला तपकिरी कागद काढला. किराण्याच्या पिशवीचा होता. त्यावर पाट्याची बाह्यरेघ काढलेली होती आणि आत कोळशाचे ठिपके.

"आईने पाठवलाय. मध्ये तू खोल मारलंस म्हणते, कडेला कमी. कडेचं वाटण जाडं राहतं. हे पुढच्या वर्षीच्या आधी करायला सांगितलंय."

मी कागद हातात घेतला. "पुढच्या वर्षीच्या?"

"तसंच म्हणाली."

"आणि बोचकं?"

"बुधवारी सोडलं. दाराशी जागा अडते, असं तीच म्हणाली." त्याने डबा उघडला आणि माझं लोणचं आपल्याकडे ओढून घेतलं.

पाटा मी परत मागितला नाही आणि बायकोनेही नाही. पुढच्या होळीला पुरण वाटायला तीच त्यांच्याकडे गेली. कागदावरचे ठिपके मी त्या शुक्रवारीच जेवता जेवता मोजले, एकशे बारा होते. पुढच्या उत्सवाला एक्कावन्न आठवडे होते, पण शनिवारी सकाळी मी स्वतःची छिन्नी विकत घेतली आणि त्यांच्या अंगणात जाऊन कडेपासून सुरुवात केली. म्हातारी खुर्ची न घेता शेजारी जमिनीवर बसली, हातात कोळसा घेऊन.